मार्दोळचा रविवार

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

फोनवर हे बोलता येत नाही, शेजारच्या टेबलाला कान असतात. म्हणून पत्र.

बढतीची यादी लागली. माझं नाव नाही. ज्याला टिपणी लिहायला मी शिकवलं, तो आता माझा साहेब. वरच्यांनी पाठीवर थाप मारली, "तुमच्याशिवाय सेक्शन चालत नाही हो!" म्हणजे बैल जुंपलेलाच बरा. गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरचा फळाफुलांचा मांडव, बांधताना काका विचारणारच, "झालास का रे हेड क्लार्क?"

त्याच तिरमिरीत श्रावणातल्या एका रविवारी मार्दोळला गेलो. म्हाळसेच्या देवळाबाहेर जायांच्या फाती, म्हणजे जाईच्या फुलांच्या माळा, विकणाऱ्या म्हातारीने माझ्या खिशातलं पेन पाहिलं आणि पिशवीतून चुरगळलेला कागद काढला. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या पेन्शनचे, महिन्याचे 2000 रुपये थांबले होते. हयातीचा दाखला दिला नव्हता. "हांव जिती आसां मरे!" मी जिवंत आहे की रे, असं ती चिडून म्हणाली.

पायरीवर बसून फॉर्म भरला. ती माहिती सांगत होती, पण बोटं थांबत नव्हती. कळी, गाठ, पुन्हा कळी, खाली न बघता. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर बँकेत गेलो. तिथे यंत्र अंगठा घेईना, रेषाच झिजलेल्या. एकेक बोट ठेवून पाहिलं, शेवटी डाव्या हाताचं मधलं चाललं. तेव्हा तिने मला असं पाहिलं, जणू पैसे मीच मंजूर केले.

आता रविवारी चारपाच जणी कागद घेऊन थांबतात. कुणाचा गृह आधारचा, गृहिणींच्या सरकारी मदतीचा, अर्ज, कुणाच्या पासबुकात नाव चुकलेलं. परोपकार वगैरे म्हणू नकोस. "पुता", म्हणजे बाळा, अशी हाक ऐकायला मला आवडतं, म्हणून जातो. ऑफिसात हेच अक्षर, हेच रकाने. पण फाईल पुढे सरकली की कुणाचं काय झालं ते कधी दिसत नाही. इथे माणूस समोर बसलेलं असतं, आणि माझा हुद्दा त्याच्या गावीही नसतो.

राग गेला का? छे! ज्येष्ठता यादीची प्रत मागितली आहे, अर्जही ठोकणार आहे. फक्त रात्री झोप लागते.

चवथीला येशील तेव्हा एक रविवार मोकळा ठेव. बँकेची इंग्रजी पत्रं वाचून सांगायला मला माणूस हवा आहे, आणि तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. येताना दोनचार चांगली पेनं आण, इथली सगळी कोणीतरी उसनी नेली.

तुझाच,
फोंड्याचा कारकून