सुटलेल्या मुलामागे निधी जायला हवा

महोदय,

कोयते नाचवत गाड्या फोडणारी टोळी पकडली की मकोका, तडीपारी आणि आठवडाभर बातम्या, हे पुण्याला आता पाठ झाले आहे. त्यातला अठरा वर्षांखालचा मुलगा, सरकारी भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, बहुतेकदा थोड्याच काळात येरवड्याच्या निरीक्षणगृहातून जामिनावर घरी येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १२ नुसार जामीन हाच नियम आहे आणि तो योग्यच आहे. अडचण पुढची आहे. मुलगा त्याच गल्लीत, त्याच पोरांत परततो आणि बाहेर आल्याने त्याचा भाव वाढलेला असतो. हे पहिले तीन-चार महिने सर्वांत धोक्याचे, आणि नेमका याच काळासाठी सरकारी अनुदानात पैसा नाही.

कागदावर तरतुदी आहेत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधारासाठी, दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. पण बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ नुसार ही मदत अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला. सोळाव्या वर्षी जामिनावर सुटलेला त्यात बसत नाही. प्रायोजकत्वाचेही, म्हणजे मुलाला घरीच ठेवून कुटुंबाला द्यायच्या मदतीचेही, ४,००० रुपये आहेत, मात्र शहरात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिना आठ हजार. आई चार घरची धुणीभांडी करते आणि बाप हमाली करतो, एवढ्यावरच हे घर अपात्र.

मग बालगुन्हेगारी रोखण्याच्या नावाखाली पैसा जातो कुठे? पथनाट्ये, व्याख्याने, मॅरेथॉन, फलक, टी-शर्ट. यांची निविदा निघते, सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळते आणि हजेरीपत्रक व फोटो जोडले की बिल मंजूर होते. व्याख्यानाला बसलेली मुले बहुधा शाळेत नियमित येणारीच असतात. ज्याच्यासाठी हे सारे, तो दहावी नापास होऊन दोन वर्षे पानटपरीवर उभा असतो. (टी-शर्ट मात्र त्याच्याही अंगावर दिसतो.) त्याहून वाईट म्हणजे दोन विरोधी गटांतली पोरे एका निवासी शिबिरात आणणे. तिथे जुनी खुन्नस मिटत नाही, नव्या ओळखी मात्र होतात.

मुलामागे माणूस लागतो. एका कार्यकर्त्याकडे पंधरा मुले, प्रत्येकाची आठवड्यातून दोनदा भेट, म्हणजे तीसच भेटी झाल्या. शिवाय मुलांचे खटले चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या तारखा. पंधराची पंचवीस केली की भेटींचे फोन होतात आणि फोनवर सगळेच ‘बरं चाललंय’ म्हणतात. आमचा हिशेब असा : कार्यकर्त्याचे मानधन २८,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला ३,३६,०००, प्रवास २४,०००, चार कार्यकर्त्यांत मिळून एक समुपदेशक महिना ४०,००० रुपयांवर, त्याचा चौथा हिस्सा १,२०,०००, आणि मुलामागे ५,००० रुपये किरकोळ खर्चाला, म्हणजे ७५,०००. एकूण ५,५५,०००. मुलामागे वर्षाला ३७,००० रुपये. किरकोळ खर्च म्हणजे आधार दुरुस्ती, जातीचा दाखला, दहावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म, आयटीआयचे साहित्य. ही रक्कम कार्यकर्त्याच्या हातात आगाऊ हवी. पावती आणा, मग पैसे देऊ, असे म्हटले की फॉर्मची मुदत उलटते.

पैसा येण्याची वेळ हे दुसरे दुखणे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, पण मंजुरीचा आदेश कित्येकदा दिवाळीनंतर हातात पडतो आणि ३१ मार्चपर्यंत सगळे खर्ची घाला म्हणतात. मे महिन्याची सुट्टी, दहीहंडी, गणेशोत्सव हे भांडणांचे दिवस तोवर उलटलेले असतात. चार महिन्यांत माणूस नेमून, शिकवून, मुलाचा विश्वास मिळवून होत नाही. म्हणून अनुदान घेणारी संस्था मुकाट्याने शिबिर घेते. मंजुरी सलग तीन वर्षांची हवी, हप्ता तिमाहीच्या सुरुवातीला हवा, आणि पुढच्या दोन हप्त्यांसाठी संस्थेचे साधे खर्चपत्रक पुरे मानावे. पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे, सनदी लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र वर्षअखेरीस घ्यावे.

पैसा ओतला की काम होते, असेही नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०१० मध्ये शिकागोतील हिंसाचार रोखण्यासाठी घाईने योजना आणली. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च झाले आणि २०१४ च्या लेखापरीक्षणात नियोजनापासून देखरेखीपर्यंत सगळीकडे ढिसाळपणा निघाला. त्याच शहरात २०१२ च्या उन्हाळ्यात मुलांना फक्त आठ आठवड्यांची पगारी कामे दिली. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून सोडत काढली. पुढच्या सोळा महिन्यांत काम मिळालेल्यांच्या गटात हिंसक गुन्ह्यांतील अटका ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. सोडतीमुळे तुलना सरळ झाली, नाहीतर मुळातच शहाणी पोरे निवडल्याचा संशय राहिला असता. आपल्याकडेही जागा अपुऱ्याच पडणार. मग चिठ्ठ्या टाकायला काय हरकत आहे?

मोजायचे ते हजेरीने नव्हे. बारा आणि चोवीस महिन्यांत नवा गुन्हा दाखल झाला का, मंडळाची तारीख चुकली का, कामाचे किंवा वर्गाचे दिवस किती भरले, एवढे पुरे. ही पडताळणी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने करावी आणि फक्त आकडे बाहेर द्यावेत; मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची मनाई आहे. अनुदान पोलीस ठाण्यामार्फत मात्र देऊ नये. कार्यकर्ता खबरी आहे असा वस्तीत एकदा बोभाटा झाला की दार बंद.

कलम ७४ मध्येच आणखी एक गोष्ट आहे, जी काम देणाऱ्यांना माहीत नसते : प्रकरण निकाली निघाले असेल, तर चारित्र्य दाखल्यासाठी मुलाची नोंद पोलिसांनी उघड करायची नाही. कार्यकर्त्याला याची प्रत खिशात ठेवावी लागते.

जिल्हा नियोजन समितीने आणि महापालिकेच्या समाज विकास विभागाने मिळून येत्या अंदाजपत्रकात सुरुवात छोटी करावी : चार कार्यकर्ते, एक समुपदेशक, ६० मुले. वर्षाला २२ लाख २० हजार, तीन वर्षांना ६६ लाख ६० हजार रुपये. आदेश मात्र एप्रिलमध्ये निघाला पाहिजे.

– बाल संरक्षण क्षेत्रातील काही कार्यकर्ते, पुणे