इंदूर पद्धत इंदूरच्या शेतात परत यावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नैसर्गिक शेतीविषयी आपल्या दैनिकात अलीकडे येत असलेला मजकूर मी आवर्जून वाचतो. इंदूरजवळच्या सांवेर तहसिलीत माझी अडीच एकर जमीन आहे आणि गेली सहा वर्षे तेथे रासायनिक खत व कीटकनाशक न वापरता मी सोयाबीन आणि गहू घेत आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट कळकळीने मांडावीशी वाटते. आपल्याकडची ही सारी चर्चा जीवामृताच्या, म्हणजे जमिनीतले जीवाणू वाढवणाऱ्या शेण-गोमूत्राच्या आंबवणाच्या, पिंपापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पण ज्या शेतात गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले काड, दरवर्षी पेटवली जाते, त्या शेतात ते पिंप काहीही करू शकत नाही. त्याला जोड हवी ती काडीकचऱ्याचे ढीग रचून खत करण्याच्या इंदूर पद्धतीची.

जीवामृताचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी ही पद्धत घरोघरी पोहोचवली आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून दोन दिवस सावलीत ठेवायची, एवढे साधे हे काम आहे आणि गोठ्यात एक गाय असली तरी ते जमते. मात्र या सगळ्यातून मिळणारा नत्र किलोभरही भरत नाही आणि एकरभर गव्हाला तो कितीतरी पटीने अधिक लागतो. जीवामृत हे विरजण आहे. विरजण लावायला आधी दूध हवे. हे दूध म्हणजे शेतातला काडीकचरा, म्हणूनच पाळेकरांनीही बीजामृत (बियाण्यावरची प्रक्रिया) आणि जीवामृताच्या जोडीला आच्छादन (जमीन काडीकचऱ्याने झाकणे) आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असणे) तितकेच आवश्यक मानले. आपण मात्र हार्वेस्टर गेल्यावर उरलेले काड जाळतो, आणि मग दुकानातून ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी महागडी बाटली आणून फवारतो. मीही पहिल्या वर्षी अशा बाटल्यांवर डीएपीच्या दोन गोण्यांइतके पैसे घालवले. कमी खर्चाची शेती ती नव्हे.

याचे उत्तर शोधायला इंदूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. १९२४ साली होळकर संस्थानाने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर येथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. तेथे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेण, पालापाचोळा, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांनी ती पुस्तकरूपाने मांडली आणि जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १९३५ साली गांधीजी येथे आले असता त्यांनीही हे काम पाहिले. हॉवर्ड यांचे नाव निदान सेंद्रिय शेतीच्या इतिहासात निघते. वाड यांचे नाव मात्र आपल्या मराठी मंडळींच्या तोंडीही मी क्वचितच ऐकले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही पद्धत मी चुका करूनच शिकलो. माझा पहिला ढीग तापलाच नाही. त्यात पाणी फार झाले होते आणि ट्रॉली रिकामी करताना आम्ही तो पायांनी दाबून टाकला होता. आठ दिवसांत त्याला आंबूस दुर्गंधी सुटली. पुढच्या वर्षी सोयाबीनचा भुसा आणि गव्हाचे काड सैल ठेवले, मध्ये पहार खुपसून हवेसाठी भोके पाडली आणि दोन आठवड्यांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी असा तीन वेळा ढीग परतला. पौषातल्या थंडीत पहाटे त्यातून वाफ निघत होती आणि आत खुपसलेली लोखंडी सळई पाच मिनिटांनी बाहेर काढली तर हातात धरवत नव्हती. पूर्वी वैशाखात माझ्या शेतातल्या भेगांत हात कोपरापर्यंत जात असे, हे खत घालू लागल्यापासून आता तो मनगटापाशी अडतो.

या मार्गातल्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पहिली दोन वर्षे माझे सोयाबीनचे उत्पन्न स्पष्टपणे घटले. घरात दुसरी मिळकत होती म्हणून निभावले. केवळ शेतीवर पोट असलेल्या दोन-तीन एकरवाल्याने ही घट कशाच्या बळावर सोसावी? दुसरे म्हणजे, युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे सुमारे २६७ रुपयांना मिळते, तर ढीग परतायला माणसे लागतात. हे काम बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येते आणि त्याची मजुरी कोणी हिशेबात धरत नाही. नैसर्गिक शेतीला लावला जाणारा ‘शून्य खर्च’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला २,४८१ कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. अभियान राबवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, प्रशिक्षण पिंपापुरते न ठेवता त्यात ढिगालाही तेवढेच स्थान द्यावे, आणि पहिल्या दोन हंगामांतील घटीचा काही भार योजनेने उचलावा. त्या जुन्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. तेथे दर महिन्याला एक नवा ढीग रचला, तर मंडईच्या कामाने शहरात आलेल्या शेतकऱ्याला ताजा, अर्धवट कुजलेला आणि तयार असे तिन्ही ढीग एकाच फेरीत पाहता येतील, हात घालून त्यांची ऊब घेता येईल. देवगुराडिया येथील प्रकल्पात शहराच्या ओल्या कचऱ्यापासून जे खत तयार होते, तेही लहान शेतकऱ्याला ट्रॉलीच्या हिशेबाने, परवडेल अशा दरात मिळावे.

चैत्रात गहू निघेल आणि पुन्हा रात्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आगी दिसू लागतील. त्याआधी, फाल्गुनातच, ढीग कसा रचावा याची माहिती आपण चित्रांसह छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक शेतकरी
रामबाग, इंदूर