साठ पानांचा अहवाल, पण प्रश्न कुठे आहे?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सत्र संपत आले की नागपूरच्या सीताबर्डीतल्या बाइंडिंगच्या दुकानांपुढे महाविद्यालयीन मुलामुलींची गर्दी होते. काळे रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत विषयाचे नाव, आत सुरुवातीला एक पारदर्शक कागद. गेल्या हिवाळ्यात माझे काही जुने कागद बांधून घ्यायला मी तिथे उभी असताना काउंटरवरच्या मुलाने माझ्या पुढच्या विद्यार्थिनीचा अहवाल हातात तोलला आणि विचारले, "ताई, पानं कमी वाटतात, जाड कागदावर काढू का?" तिने लगेच होकार दिला. मुलगा धंद्यातला जाणकार होता. गुण कशावर अवलंबून असतात, हे त्याने रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून शिकून घेतले होते.

भूगोलाचे अध्यापन करून मी निवृत्त झाले असून तोंडी परीक्षेसाठी बाह्य परीक्षक म्हणून अजूनही अधूनमधून बोलावणे येते. सेमिनारसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे लिहावयाच्या संशोधन अहवालाची बांधणी कशी असावी, याविषयी हे पत्र लिहीत आहे. विषय वरकरणी स्टाफरूममधला वाटेल, परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्प पदवीच्या अभ्यासक्रमात आले आहेत आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा अहवाल सध्या लिहिला जात असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प असतो. सेमिनारचा छोटा अहवाल ही त्या मोठ्या कामाची रंगीत तालीम आहे, आणि तालमीतच चुकीची सवय लागली तर ती पुढे पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत सोबत जाते.

चुकीची सवय म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. शहरातील एका महाविद्यालयाने सर्व विद्याशाखांना मिळून एकच छापील नमुना दिला होता. प्रस्तावना, संदर्भ साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी अशी पाच प्रकरणे, पाच उद्दिष्टे, तीन गृहीतके आणि पाने किमान साठ. मराठी वाङ्मयाच्या एका विद्यार्थ्याने एकाच कवितासंग्रहातील प्रतिमांवर लिहिले होते. त्याला 'नमुना निवड' हे उपशीर्षक गाळण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने त्याखाली 'लागू नाही' असे लिहून अर्धे पान कोरे सोडले होते. सगळ्या गठ्ठ्यात ते अर्धे पान मला सर्वांत प्रामाणिक वाटले. गृहीतकांचे तर विचारूच नये, ती सर्वांचीच सिद्ध झालेली असतात.

प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे आणि विवेचन हा क्रम विज्ञानाच्या नियतकालिकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला आणि प्रयोग किंवा मोजमाप केलेल्या कामाला तो चांगला मानवतोही. परंतु १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलवर लिहिणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो तसाच चालणार नाही. त्याच्याकडे प्रश्नावली नसते, कागदपत्रे असतात, आणि त्याच्या अहवालाची प्रकरणे त्याच्या युक्तिवादाच्या टप्प्यांवरून पडायला हवीत. त्यामुळे सर्वांसाठी सक्तीची असावी अशी गोष्ट माझ्या मते एकच आहे, ती म्हणजे अहवालाच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहिलेला, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला प्रश्न. बाकीची मांडणी त्या प्रश्नाने ठरवावी.

माझ्या शेजारच्या मुलीचा अनुभव यासाठी मुद्दाम सांगते. तिच्या वर्गाच्या सेमिनारचा सामाईक विषय होता 'नागपूर आणि पाणी', आणि तिने घेतलेला वैयक्तिक विषय होता 'नागपूर शहरातील पूरस्थितीचा भौगोलिक अभ्यास'. कच्चा मसुदा घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा बावीस पाने झाली होती आणि त्यांत पुराची व्याख्या, पुराचे प्रकार, जगातील मोठे पूर, भारतातील मोठे पूर असे सगळे होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जे घडले, ते मात्र तेविसाव्या पानावर येणार होते. मी तिला विचारले, "तुला स्वतःला यातले काय कळत नाही?" ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "काकू, त्या दिवशी माझ्या मावशीच्या घरात कमरेइतकं पाणी आलं, पण गल्लीत समोरच्यांच्या घरात आलंच नाही. ते का, ते मला अजून कळलेलं नाही."

हाच तिचा प्रश्न होता आणि तो बावीस पानांत कुठेही नव्हता.

त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले, हे आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना मी सांगायला नको. त्या मुलीने मात्र सगळ्या शहराचा नाद सोडून मावशीची ती एक गल्ली घेतली. सोळा घरे होती. तीन घरांनी दार उघडले नाही आणि दोन घरांत नवे भाडेकरू होते ज्यांनी पूर पाहिलाच नव्हता. उरलेल्या अकरा घरांत तिने मीटरपट्टी घेऊन पाण्याची खूण शोधली. बहुतेकांनी भिंती रंगवून टाकल्या होत्या, पण मावशीकडे लोखंडी कपाट सरकवल्यावर त्यामागे रंग न पोचलेल्या भिंतीवर एक आडवी तपकिरी रेघ सापडली आणि तिच्या खाली चुन्याचे पापुद्रे सुटलेले होते. तिने रेघेची जमिनीपासूनची उंची मोजली, मग घराच्या जोत्याची सध्याच्या रस्त्यापासूनची उंची मोजली. गल्लीतला डांबरी रस्ता पुराच्या आधीच सिमेंटचा होऊन उंच झाला होता आणि जुनी घरे होती तिथेच राहिली होती. मावशीच्या घराचा उंबरठा रस्त्याच्या जवळजवळ पातळीवर आला होता. समोरचे घर नंतर बांधलेले असल्याने दोन पायऱ्या वर होते.

आता या कामाची मांडणी आपोआप ठरते, हे वाचकांच्या लक्षात येईल. प्रथम प्रश्न, त्यानंतर गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, मग ती कोणत्या तारखांना गेली, काय आणि कसे मोजले, किती घरे सुटली व का सुटली, मग अकरा ओळींचा एकच तक्ता, प्रत्येक स्तंभावर एकक लिहिलेले. पद्धतीचे प्रकरण इतके नेमके असावे की दुसऱ्या विद्यार्थ्याने तो अहवाल हातात धरून त्याच गल्लीत जावे आणि तीच मापे पुन्हा घ्यावीत. सध्या या प्रकरणात सर्वेक्षण पद्धतीचे फायदे आणि तोटे उतरवलेले असतात, जे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहेत आणि ज्यांवरून विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय केले याचा थांग लागत नाही.

निरीक्षणे आणि विवेचन वेगळे ठेवण्याबद्दल मी आग्रही आहे. अकरा घरांपैकी कोणत्या घरात किती पाणी आले, हे निरीक्षण झाले. जोत्याची उरलेली उंची हे त्याचे कारण असावे, हे विवेचन झाले. अंबाझरीच्या सांडव्याजवळच्या पुतळ्याने पाणी अडून पूर आला की नाही, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलेला आहे आणि तिला त्यावरही दोन पाने लिहायची होती. पण तिच्या मीटरपट्टीने त्याबद्दल काहीही सांगितलेले नव्हते, म्हणून ती पाने काढावी लागली. ती थोडी हिरमुसली. आपल्या माहितीची हद्द कुठे संपते हे लिहिण्यासाठी 'मर्यादा' नावाचा परिच्छेद असतो. त्यात 'वेळेचा व पैशाचा अभाव' एवढेच लिहून न थांबता रंगवलेल्या भिंती, बदललेले भाडेकरू आणि लोकांची अंदाजे सांगण्याची सवय हे लिहावे.

टक्केवारीचा मोह हा आणखी एक रोग. आठ जणांना प्रश्न विचारून '१२.५ टक्के उत्तरदाते असमाधानी आहेत' असे लिहिले जाते आणि शेजारी त्याचे रंगीत वर्तुळाकृती चित्र असते. तो साडेबारा टक्के म्हणजे एक माणूस आहे. 'आठांपैकी एक' असे लिहिले की विद्यार्थ्याला स्वतःलाच प्रश्न पडतो की हा एकटा असमाधानी का, आणि कधी कधी अहवालाचा खरा धागा तिथेच सापडतो.

संदर्भ साहित्याचा आढावा 'अमुक यांनी २०११ साली असे म्हटले, तमुक यांनी २०१४ साली तसे म्हटले' अशा हजेरीपटासारखा लिहू नये. मुद्द्यागणिक परिच्छेद करावा आणि त्यात आपल्या प्रश्नाला उपयोगी पडणारे तेवढेच घ्यावे. शोधगंगा या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध खुले आहेत, ते चाळावेत, पण त्यांतली संदर्भसूची न वाचता उचलू नये. मराठी संदर्भ अकारविल्हे आधी आणि इंग्रजी संदर्भ नंतर, एवढी साधी शिस्तसुद्धा फार थोड्या अहवालांत दिसते. साहित्यचौर्यासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, याचा अर्थ काही विद्यार्थ्यांनी, आणि खेदाने सांगते, काही मार्गदर्शकांनीही, दहा टक्के उचलण्याची परवानगी असा घेतला आहे. यंत्राकडून लिहवून घेतलेल्या मजकुराविषयी मला फारसे म्हणायचे नाही. यंत्र पुराचे प्रकार सफाईने लिहून देते, कपाट सरकवायला मात्र विद्यार्थ्यालाच जावे लागते.

गटाच्या सेमिनारमधला एक दोष सहज दूर होण्यासारखा आहे. सामाईक विषय असला की अठरा विद्यार्थ्यांच्या अठरा अहवालांत नागपूरचे अक्षांश-रेखांश, पर्जन्यमान आणि नाग, पिवळी व पोहरा या नद्यांची तीच माहिती त्याच शब्दांत येते आणि परीक्षक ती अठरा वेळा उलटतो. हा भाग वर्गाने मिळून एकदाच लिहावा, सर्वांच्या नावाने स्वतंत्र पुस्तिका करावी आणि वैयक्तिक अहवालात तिचा फक्त उल्लेख करावा. त्यामुळे कोणी स्वतः काय केले, ते पहिल्या पानापासून दिसू लागेल.

लिहिण्याचा क्रम हा वाचण्याचा क्रम नसतो, हेही मुलांना कोणी सांगत नाही. तक्ता आधी करावा, मग पद्धत लिहावी, मग विवेचन, त्यानंतर प्रस्तावना आणि दोनशे शब्दांचा सारांश सर्वांत शेवटी. आपली मुले ऋणनिर्देशापासून सुरुवात करतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री निष्कर्षापाशी पोचतात, म्हणून तो नेहमी 'शासनाने याकडे लक्ष द्यावे' असा असतो. निष्कर्षात पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे उत्तर असावे, मग ते 'निश्चित सांगता येत नाही' असे असले तरी चालेल.

त्या मुलीचा अहवाल एकोणीस पानांत पूर्ण झाला. महाविद्यालयाची अट साठ पानांची असल्यामुळे पुराची व्याख्या आणि प्रकार असलेली ती बावीस पाने तिला परिशिष्ट म्हणून शेवटी पुन्हा जोडावी लागली आणि उरलेली भर छायाचित्रांनी घालावी लागली. तोंडी परीक्षेत तिला दोन प्रश्न विचारले गेले आणि दोन्ही परिशिष्टावर होते, असे तिने मला सांगितले.

आपल्या वृत्तपत्राद्वारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना आणि महाविद्यालयांना माझी विनंती आहे की पुढील सत्रापूर्वी किमान पानांची अट काढून कमाल पानांची अट घालावी. वीस पाने पुष्कळ होतात. प्रमाणपत्राच्या पानावर संशोधनप्रश्नासाठी एक ओळ ठेवावी आणि तिसऱ्या आठवड्याच्या आत मार्गदर्शकाने तिच्याखाली तारखेसह स्वाक्षरी करावी. आठव्या आठवड्यात नोंदवही तपासावी, अकराव्या आठवड्यात अर्धा मसुदा वर्गापुढे वाचून घ्यावा आणि या तिन्ही टप्प्यांना मिळून निम्मे गुण ठेवावेत. नोंदवहीचे एक पान, खाडाखोडीसह, परिशिष्टात जोडणे सक्तीचे करावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अध्यापिका,
प्रतापनगर, नागपूर