या एका खटल्यापुरतं

सातारा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू फार वैतागली होतीस. न्यू जर्सीत इतकी वर्षं वकिली करूनही मिसिसिपीतल्या एका खटल्यासाठी पुन्हा अर्ज, फी, सनद चालू असल्याचा दाखला आणि वर तिथला स्थानिक वकील सोबत हवाच. फेडरल, म्हणजे केंद्राचं, कोर्ट सगळीकडे एकच ना, असं मी विचारलं तेव्हा तू हसलीस. मग मी वाचायला बसले. 94 फेडरल जिल्हा न्यायालयं आणि प्रत्येकाचे स्वतःचे नियम! बाहेरच्या वकिलाला मिळणाऱ्या या परवानगीचं नाव 'प्रो हॅक व्हाइस', म्हणजे या एका प्रसंगापुरतं. शिवाय 1979 साली 'लीस विरुद्ध फ्लिंट'मध्ये तुमच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बाहेरच्या वकिलाला अशी परवानगी मागण्याचा घटनात्मक हक्क नाही. ते प्रकरण ओहायोच्या राज्य कोर्टातलं होतं, पण त्यातून कळायचं ते कळलं.

तुझा राग मला समजतो. तू जिथे निघालीस तिथेच या नियमांनी एकदा माणसांची वाट अडवली होती. साठच्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे खटले घेणारे स्थानिक वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. उत्तरेकडून वकील येऊ लागले, तर दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल कोर्टानं त्यांच्यावर जाचक अटी घातल्या. शेवटी 1968 मध्ये वरच्या कोर्टानं, फिफ्थ सर्किटनं, 'सँडर्स विरुद्ध रसेल'मध्ये त्या अटी मोडून काढल्या. आपल्याकडेही 1897 मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात बचावाला बॅरिस्टर प्यू कलकत्त्याहून मुंबईला आले होते. ही परवानगी खरं तर वकिलासाठी नसतेच गं. आपल्या गावात ज्याला वकील मिळत नाही, त्याच्यासाठी ती असते.

म्हणून अर्जात काही कमी ठेवू नकोस. आधी कुठे परवानगी नाकारली गेली असेल, कुणी तक्रार केली असेल, तर विचारलेलं सगळं स्पष्ट लिही. आदेश हातात येईपर्यंत कोर्टाच्या कुठल्याही कागदावर वकील म्हणून सही करू नकोस.

आणि स्थानिक वकिलाला नावापुरता धरू नकोस, हे मी अनुभवानं सांगते. कर्नाटकातल्या एका कोर्टात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा वकीलपत्रावर आपला महाराष्ट्राचा वेल्फेअर स्टॅम्प, म्हणजे वकील कल्याण निधीचं तिकीट, लावून गेले होते. टेबलावरून कागद परत आला. तिथला स्टॅम्प वेगळा, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. सोबतच्या स्थानिक वकीलसाहेबांनी आपल्या पाकिटातला स्टॅम्प काढून लावला, आणि दुपारी साक्षीदार कन्नडमध्ये बोलू लागला तेव्हा तेच शेजारी बसून एकेक वाक्य मला समजावत होते. माझा पक्षकार त्या दिवशी त्यांच्यामुळे वाचला. त्यांची फी मी माझ्या फीच्या आधी पोचती केली.

तूही तिथल्या वकिलांना अर्जावर सही मागण्याआधी पूर्ण फाइल वाचायला दे. न्यायाधीश तारखा कशा देतात, ज्युरी कुठल्या गावांतून येते, हे त्यांनाच ठाऊक असणार.

सुनावणीच्या सकाळी फोन कर. इथे संध्याकाळ असेल, मी वाट बघत असेन.

तुझी,
आई