मोटारसायकलमागे पळवण्यापेक्षा मागे चालायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की जळगाव-धुळ्याबाहेरच्या रस्त्यांवर पहाटे एक दृश्य हमखास दिसते. पुढे मोटारसायकल, मागे साखळीला बांधलेला लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड, आणि मालकाचे म्हणणे एकच : 'पळवल्याशिवाय याची जिरत नाही.' हौस खरी, पण रीत चुकीची. गाडीचा वेग कुत्र्याला ठरवता येत नाही. दम लागला, पायात सराटा रुतला, तरी साखळी ओढतच नेते. डांबरावर पंजाच्या गाद्या सोलतात त्या वेगळ्याच. पिल्लाचे नुकसान याहून मोठे. हाडांच्या टोकांचा वाढता, मऊ भाग लहान व मध्यम चणीच्या कुत्र्यांत साधारण वर्षभरात टणक होतो, मोठ्या जातींत १५ ते १८ महिने लागतात. तोवर सक्तीची दौड, उड्या, जिन्यावरची धावपळ नकोच. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६०च्या कायद्यात जनावराला बेसुमार पळवणे हीसुद्धा क्रूरताच आहे.

दमलेला कुत्रा झोपतो, म्हणून मालकाला व्यायाम झाल्यासारखा वाटतो. पण उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. सरळ धावण्यात पुढचा भाग राबतो आणि मागचे पाय नुसते साथ देतात. म्हातारपणी हेच मागचे पाय दगा देतात. मग फरशीवरून उठताना चार वेळा घसरणे आले. तेव्हा कमवायचे ते मागचे पाय आणि कंबर, आणि त्याला लागते हळू, मोजके, रोजचे काम. सामान घरातच सापडते.

भरिताची वांगी भाजायला ठेवलेल्या तुराट्यांतल्या पाच-सहा सरळ बघून बाजूला काढा. टोके छाटा, गाठी घासून घ्या. दोन तुराट्यांत कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतके अंतर ठेवा : लॅब्रॅडॉरला साधारण ५५ सें.मी., घरातल्या पामेरियनला ३० सें.मी.च्या आत. पहिला आठवडा तुराट्या जमिनीवरच. कुत्रा चालत, एकेक पाय उचलून ओलांडू लागला की मोठ्या कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंना आडवी वीट ठेवून त्यावर तुराटी नुसती टेकवा. उंची सात-आठ सें.मी. मिळते. बांधायची मात्र नाही, पाय लागला तर ती पडली पाहिजे. ठिबकची जुनी १६ मि.मी. नळीही चालते, पण गुंडाळीचा बाक राहतो, म्हणून ती बांबूच्या कामटीला बांधून सरळ करावी. खाऊ नाकासमोर खाली धरा. हात वर गेला की मान वर जाते, पाठ खोल होते आणि मागचे पाय कुठे पडतात याचे भानच राहत नाही. दोन तुराट्या एकदम उडी मारून ओलांडल्या तर वेग जास्त आहे किंवा अंतर कमी. आधी नीट जमत होते आणि आता पाय लागू लागले तर तो थकला, तिथेच थांबा. चार फेऱ्या पुरेत.

दुसरा व्यायाम उठबशांचा. 'बस' म्हटल्यावर बहुतेक कुत्री एका कुल्ल्यावर कलंडून, पाय फाकवून बसतात. ती बैठक कामाची नाही. भिंतीलगत बसवले की कलंडायला जागा राहत नाही. उठवताना खाऊ नाकापासून वीतभर पुढे न्या, म्हणजे पुढचे पाय जागेवर राहतील आणि मागचे पाय अंग वर ढकलतील. पाच उठबशा, मग विश्रांती, पुन्हा पाच. एक दिवसाआड. हे गोणपाटावर, सतरंजीवर किंवा अंगणातल्या मातीवर करावे, गुळगुळीत टाइल्सवर अजिबात नाही. घसरत्या फरशीवर कुत्रा सगळे अंग आखडून उभा राहतो. बोटांमधले वाढलेले केस कापावेत. चालताना नखांचा टकटक आवाज येत असेल तर नखे वाढली आहेत. पंजा वर उचलला जातो आणि पुढची सगळी चाल बिघडते.

आता मागे चालणे. कुत्र्याच्या अंगापेक्षा वीतभर रुंद बोळ करा, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या. समोर उभे राहून खाऊ त्याच्या हनुवटीखालून छातीकडे न्या. खाऊ वर धरलात तर तो बसेल. एक पाऊल मागे पडले की लगेच 'हां' म्हणा आणि खाऊ द्या. पहिल्या दिवशी एक-दोन पावले मिळाली तरी झाले. त्यानंतर जेवायचा पाट : खाली ओले गोणपाट घाला, नाहीतर तो सरकतो आणि कुत्रा पुन्हा त्यावर पाय ठेवायला घाबरतो. पुढचे दोन पाय पाटावर, तुम्ही त्याच्या खांद्याकडून हळूहळू फिरायचे, म्हणजे मागचे पाय पाटाभोवती आडवे सरकतात. डावीकडे जितके तितकेच उजवीकडे. एक बाजू थोडी अवघड जाणे साहजिक आहे. तीच बाजू रोज साफ नाकारत असेल तर हट्ट समजू नका, दुखणे समजा.

प्रत्येक धडा तीन ते पाच मिनिटांचा, त्याआधी पाच-दहा मिनिटे साधे चालणे. फेऱ्या आणि उंची एकाच आठवड्यात वाढवू नयेत. दुसऱ्या दिवशी कुत्रा आखडला तर कशाने, ते कळणार नाही. शब्दाचेही तसेच. मुलगा 'सिट' म्हणतो, आई 'बस', आजोबा 'बठ रे'. कुत्र्याला इंग्रजी आणि अहिराणी सारखीच, पण घरात शब्द एकच हवा.

खाऊचा तुकडा हरभऱ्याएवढा. उकडलेले अंडे, बिनमसाल्याची कोंबडी किंवा पनीर चालते. दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. भरीत, शेवभाजी नको, कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य. तुपात बुडवलेली बट्टी स्वादुपिंडाला महागात पडू शकते. वजन ठीक आहे का, हे काट्याशिवाय कळते. बरगड्यांवरून हात फिरवा : आपल्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडे जशी लागतात, तशा बरगड्या लागाव्यात. मुठीच्या गाठींसारख्या टोचल्या तर कुत्रा रोड, तळव्यासारखे मऊ लागले तर लठ्ठ. लठ्ठ कुत्र्याचे आधी जेवण कमी करावे, उठबशा नंतर.

चेंडूफेक सगळ्यांना आवडते, पण पन्नास वेळा सुसाट धावून कचकन थांबणे आणि गर्रकन वळणे हे गुडघ्याच्या अस्थिबंधाला आणि खांद्याला घातक. चेंडू पडून स्थिर होऊ द्या, तोवर कुत्र्याला थांबवून ठेवा, मग 'शोध' म्हणून सोडा. शेतात नेत असाल तर बांधावरून आणि उतारावरून सावकाश चालवावे. नदीची कोरडी वाळू पाय घट्ट करते, पण सुरुवातीला पाचच मिनिटे. ताज्या फवारणीच्या कपाशीत मुळीच नको. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत सराटे आणि कुसळे पाहावीत, कानातही. कुसळ आत शिरले की शिरतच जाते. नेहमीचा उत्साही कुत्रा एकाएकी मलूल झाला तर गोचीडतापाची शंका घ्यावी, व्यायाम बंद.

हे सगळे फेब्रुवारीपर्यंत अंगवळणी पडलेले बरे. भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की डांबर रात्रीही निवत नाही. पालथा हात सात सेकंद रस्त्यावर टेकवता आला नाही तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ते ४०च्या वर गेले, जीभ पसरट होऊन लोंबू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, तर आधी अंगावर नळाचे पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते.

लंगडण्याबाबत एक युक्ती. पुढचा दुखरा पाय टेकताना कुत्र्याचे डोके वर उचलले जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखे टाकत असेल तर खुबा तपासून घ्यावा. मात्र दवाखान्याच्या दारात भीतीने कुत्रा लंगडणे विसरतो. म्हणून घरीच, सपाट जागी, समोरून, मागून आणि बाजूने मोबाइलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ते पशुवैद्यकांना दाखवावे.

आपले,
श्वान-प्रशिक्षक, जळगाव