काकाजी, तुम्ही पेन्सिल ताईच्या हातात दिलीत

आदरणीय काकाजी,
सादर प्रणाम.

ताई-भाऊजींच्या म्हातारपणाच्या तजविजीचं काम मार्गी लागल्याचं फोनवर कळवलं, तर तुम्ही "त्यात काय एवढं जी" म्हणून विषयच संपवलात. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितो आहे.

भाऊजी ४९ वर्षांचे, हिंगणा एमआयडीसीत नोकरीला. ताई ४७ ची, मेडिकल चौकाकडच्या पोरांना डबे पुरवते. या वयात म्हातारपणाची तजवीज करायला निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला नागपुरात रांग लागते. तुमच्याआधी घरी येऊन गेलेल्या गृहस्थांनी वर्षाला एक लाख हप्त्याची पॉलिसी "पेन्शन प्लॅन" म्हणून पुढे केली. ताईने कुठे सही करायची, तिथे पेन्सिलने फुली आधीच मारलेली. "तिसऱ्या वर्षी हप्ता झेपला नाही तर किती परत मिळतील?" असं तिने विचारलं. त्यांनी उत्तर दिलं ते भाऊजींकडे बघून, आणि त्यात आकडा नव्हता. वर सल्ला काय, तर पहिल्या हप्त्यासाठी जुन्या कंपनीचा पीएफ काढून टाका!

तुम्ही कोरा कागद ताईकडे फिरवलात, पेन्सिल तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "घरखर्च तुम्ही लिहा, तो तुम्हालाच ठाऊक." बाकी सगळ्या मदतीचे आभार मानतोच, पण हे पत्र त्या एका गोष्टीसाठी आहे. तिने २२,००० लिहिले. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो, एवढंच तुम्ही सांगितलंत, आणि ४४,००० हा आकडाही तिनेच मांडला. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्याची भीती वाटत नाही, त्याचं काय करायचं ते सुचायला लागतं. त्या दिवसापासून घरातल्या पैशाच्या बोलण्यात ताई पुढे असते.

आणि तो जुना पीएफ! त्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते हिंगणा-बुटीबोरीत काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरी सोडली की पीएफ काढायचा, ही आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे. त्यासोबत पेन्शनचे पैसेही काढले, तर त्या कंपनीतली सेवेची वर्षं पुसली जातात, हे कोणी सांगत नाही. ईपीएस, म्हणजे पीएफसोबत चालणाऱ्या पेन्शन योजनेच्या पेन्शनला किमान १० वर्षं सेवा लागते. हिशोब सोपा आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. यात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. भाऊजींची आताच्या कंपनीत ५ वर्षं झाली, पेन्शनच्या वयापर्यंत, म्हणजे ५८ पर्यंत, आणखी ९, म्हणजे १४. पेन्शन महिना ३,०००. जुना पीएफ न काढता आताच्या खात्यात ट्रान्सफर करून आधीच्या कंपनीतली ६ वर्षं जोडली की २० होतात, आणि २० पूर्ण झाली की २ वर्षं वाढवून धरतात. २२ वर्षांचे ४,७१४ रुपये महिना. सहा वर्षांच्या ट्रान्सफरने आयुष्यभरासाठी महिना १,७०० चा फरक! ५८ ला न घेता ६० पर्यंत थांबलं तर दर वर्षामागे ४ टक्के वाढ वेगळी.

ट्रान्सफर अडतं ते नेहमीच्याच ठिकाणी. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. नोकरी सोडल्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख सदस्याला पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळत नाही, तेव्हा जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे दुरुस्तीचा संयुक्त अर्ज, लागू शकतं. कधी एकाच माणसाचे दोन यूएएन, म्हणजे पीएफचे सदस्य क्रमांक, निघतात. भाऊजींचं अडलं होतं तारखेवर.

पुढचं थोडक्यात. भाऊजींनी पगारातून स्वेच्छेने ६,००० जास्तीचे पीएफमध्ये वळवले. २०२४-२५ ला व्याज ८.२५ टक्के होतं. तेवढंच राहिलं तर ६० पर्यंत साडेबारा लाखांच्या पुढे जातात. ताईचं पीपीएफ, म्हणजे १५ वर्षांचं सरकारी बचत खातं, तुम्ही एप्रिलची वाट न बघता मार्चमध्येच उघडायला लावलंत. १५ वर्षं मोजली जातात ती खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून, त्यामुळे चार दिवस उशीर केला असता तर मुदत वर्षभर लांबली असती. पैसे ५ तारखेच्या आत जमा हवेत, कारण व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं. ७.१ टक्क्यांनी महिना ५,००० चे पावणेसोळा लाखांच्या आसपास होतात. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहेच. ८.२ टक्के दर धरला तर १५ लाखांवर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात.

एवढं करूनही ४४,००० भरत नाहीत, हे तुम्ही झाकलं नाहीत. ताईला डबे साठीनंतरही काही वर्षं चालवावे लागतील, हे तिच्यासमोर स्पष्ट बोललात. आणि या सगळ्याच्या आधी आरोग्य विमा घ्यायला लावलात, कारण आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि एका दवाखान्यात सगळी पुंजी जाऊ शकते.

काकाजी, तुम्ही पोस्टातून निवृत्त झालात. कमिशन घेत नाही, चहासुद्धा आग्रह केल्याशिवाय घेत नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्याला चुकीच्या योजनेत अडकून बाहेर पडायला वर्षं उरलेली नसतात, म्हणून त्याच्याशी खरं बोलणं ही फार मोठी गोष्ट आहे. समोरच्याला आकडा समजेपर्यंत थांबणं आणि घरातल्या बाईला सहीपुरतं न धरणं, याला पदवी लागत नाही. तरी अशी माणसं किती थोडी भेटतात! सीताबर्डी ते सक्करदरा, प्रत्येक काउंटरमागे एक जरी असं माणूस बसलं तरी किती घरं वाचतील.

भाऊजींच्या कंपनीतल्या चौघांचे जुने पीएफ असेच पडून आहेत. त्यांच्या तारखा आणि नावांच्या दुरुस्त्या मी इथे भरून देतो. दोघांच्या घरच्यांना मात्र आकडे समजून घ्यायचे आहेत. पुढच्या रविवारी त्यांना सोबत घेऊन आलो तर चालेल का, तेवढं कळवा.

आपला नम्र,
ताईचा धाकटा भाऊ
महाल, नागपूर