मेरी लायटरची कादंबरी

तीर्थरूप आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अमेरिकेतल्या एका धनाढ्य घरच्या मुलीवर मी कादंबरी का लिहायला घेतली, असे आपण विचारलेत. फोनवर उत्तर नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेचा स्वस्त गहू रेल्वे आणि आगबोटींमुळे इंग्लंडच्या बाजारात येऊ लागला, तिथल्या शेतजमिनींचे खंड उतरले आणि खंडावर जगणारी अनेक उमराव घराणी कर्जात बुडाली. इकडे रेल्वे आणि व्यापारावर गबर झालेल्या अमेरिकन घराण्यांना मुलींसाठी किताब हवे होते. कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचे लग्न तिच्या आईने हट्टाने मार्लबरोच्या ड्यूकशी लावले, आणि १८९५ च्या त्या लग्नात पंचवीस लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर दिले गेले. हुंड्याचा इतका उघड व्यवहार आपल्याकडेही क्वचितच कागदावर आला असेल.

माझी नायिका मेरी लायटर हिची गोष्ट वेगळी आहे. शिकागोच्या व्यापाऱ्याची ही मुलगी त्याच वर्षी जॉर्ज कर्झनची, म्हणजे पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड कर्झनची, पत्नी झाली, पण ती त्याच्यावर मनापासून जीव लावून होती, आणि तो आशियात भटकंती करत असताना तिने गुप्त वाङ्निश्चय दोन वर्षे निभावला. कर्झन म्हटले की आपल्याला वंगभंग आठवतो, तेव्हा त्याच्या बायकोबद्दल जिव्हाळा कसा वाटावा, ही आपली शंका मला रास्त वाटते. ३० डिसेंबर १८९८ रोजी हे दांपत्य मुंबईत उतरले तेव्हा शहरातला प्लेग सरला नव्हता, आणि पुढच्याच वर्षी दुष्काळाने दख्खन होरपळली. हे बाजूला ठेवून केवळ प्रेमकथा लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉल या कर्झन घराण्याच्या वाड्यात मेरीचा मोराचा पोशाख ठेवला आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारातल्या नृत्यसमारंभात तिने तो घातला होता. दिल्लीच्या कारागिरांनी मोरपिसांवर मोरपिसे चढवावीत तसे त्यावर जरीकाम केले आणि प्रत्येक डोळ्यात भुंग्याचे हिरवेनिळे पंख बसवले. मग ते कापड पॅरिसला जाऊन वर्थच्या दुकानात शिवले गेले. जर आता काळवंडली आहे, पंख मात्र अजून चमकतात. शिकागोचा पैसा, दिल्लीचे हात, पॅरिसची शिवण आणि साम्राज्याचा मिरवण्याचा सोस एकाच कापडात आलेले पाहून मला माझी कादंबरी सापडली. त्या कारागिरांपैकी एक जण माझ्या कथेत मेरीइतकाच महत्त्वाचा असेल.

मेरी स्वतः १९०६ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेली. भारतातून तिने माहेरी लिहिलेली पत्रे वाचताना तिचे एकटेपण सतत जाणवते, आणि तिला केवळ लाटसाहेबाची बायको म्हणून निकालात काढणे मला जमत नाही.

आई, तू इतकी वर्षे साड्यांवर जरीकाम केलेस, म्हणून पोशाखाचे काही जवळून घेतलेले फोटो सोबत पाठवते. टाका कोणता आहे आणि एक पीस भरायला साधारण किती वेळ लागत असेल, ते सवडीने कळव. बाबा, मुंबईच्या प्लेगवरची आपल्या कपाटातली जुनी पुस्तके मला हवी आहेत; कुणी इकडे येणार असेल तर त्यांच्याबरोबर द्यावीत.

आपली लेक